वाचनालयाचे दार उघडे राहावे म्हणून

बियाण्याच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत एक चौकट छापलेली असते. पिकाचे आणि वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्तीची टक्केवारी, भौतिक आणि आनुवंशिक शुद्धता, चाचणीची तारीख, वापरण्याची मुदत असा तिचा मजकूर. १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे ही माहिती पाकिटावर येऊ लागली. मृगाच्या तोंडावर जालन्याच्या बाजारातून कपाशीचे पाकीट घेणाऱ्या शेतकऱ्याला ही चौकट वाचता आली, तर तो दुकानदाराला दोन प्रश्न विचारतो, पक्की पावती मागतो, रिकामे पाकीट आणि चिमूटभर बियाणे बाजूला जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर कृषी कार्यालयात दाद मागायला त्याच्याजवळ पुरावा असतो. ज्याला ती वाचता येत नाही, त्याच्याजवळ नांगरलेले रान आणि दुकानाची उधारी एवढेच उरते.

जालन्यापासून ही गोष्ट सुरू करण्याला कारण आहे. या शहराने बियाण्यावर नाव कमावले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालना आणि जाफराबाद परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार होते. नर आणि मादी वाणाच्या ओळी वेगळ्या ठेवणे, फुलोऱ्यात हाताने परागीकरण करणे, तारखांची नोंद ठेवणे असे हे जोखमीचे आणि डोके लावून करण्याचे काम आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ साली जालना बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथले शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरापर्यंत जात. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून लोखंडी सळई करणारे कारखाने आहेत. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण आजही इथे अभिमानाने सांगितली जाते.

पण या पाळण्यात सगळ्यांना सारखी जागा मिळालेली नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती आणि दर पाच माणसांपैकी चार माणसे खेड्यात राहत होती. स्त्रियांच्या साक्षरतेची टक्केवारी पुरुषांपेक्षा वीसहून अधिक अंकांनी कमी होती. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गाव सोडणारी कुटुंबे आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. एकीकडे ज्ञानावर चालणारे उद्योग आणि दुसरीकडे त्या ज्ञानापासून लांब राहिलेली माणसे, अशी ही स्थिती आहे. या दोन टोकांना जोडणारी जी मोजकी ठिकाणे सर्वांसाठी असतात, त्यांत गावचे सार्वजनिक वाचनालय येते. तिथे बसायला जात, जमीन, पदवी किंवा ओळख लागत नाही. त्याचे दार किती वेळ उघडे असते आणि आत काय मिळते, हे म्हणूनच कळीचे प्रश्न आहेत.

निजामी राजवटीतली वाचनालये

मराठवाड्यात वाचनालये सुखवस्तू घरांतल्या फावल्या वेळेची सोय म्हणून वाढली नाहीत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठी शाळा थोड्या, मराठी वृत्तपत्रे बाहेरून येणारी आणि सार्वजनिक सभेला ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाचा अडसर. परवानगीवाचून चार माणसांनी जाहीरपणे एकत्र जमणे अवघड असलेल्या त्या काळात पुस्तक वाचायला जमणे हाच एकत्र येण्याचा मार्ग ठरला. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. हैदराबाद शहरातल्या मराठी माणसांनी १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. तेलुगू भाषकांनी तर आपली सगळी चळवळच ग्रंथालयांच्या आधाराने बांधली. हैदराबादचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हेही १९०१ चेच.

वाचनालयात पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे येत. एक जण मोठ्याने वाची, दहा जण ऐकत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही बातमी कळे. वाचन, चर्चा आणि संघटना असा तो प्रवास होता. मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, ते परतूरला. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो तालुका इकडे आला. भाषा, शिक्षण आणि नागरी हक्क यांसाठी मराठवाड्याने पहिल्यांदा एकत्रित आवाज उठवला ती भूमी आज जालना जिल्ह्यात आहे, हे इथल्या शाळकरी मुलांना आवर्जून सांगायला हवे.

त्याच सुमारास दुसऱ्या एका संस्थानात नेमके उलटे चित्र होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. त्यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले आणि लगेच त्यापुढचा प्रश्न हाती घेतला. मूल शाळेत अक्षर शिकले, पण गावात वाचायला काहीच नसेल तर ते अक्षर किती दिवस टिकणार? १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, गावोगावी ग्रंथालये काढली आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायला सुरुवात केली. गावाने पेटी वाचून परत करायची, मग दुसरी पेटी यायची. शाळा आणि वाचनालय ही जोडगोळी आहे, एकाशिवाय दुसरे लंगडे पडते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

कायदा आला, कर आला नाही

ग्रंथालयाचा कायदा करण्यात आपला भाग देशात पुढे होता. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. मद्रासचा कायदा १९४८ चा. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला. त्याने ग्रंथालय संचालनालय आले, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय अधिकारी आले आणि गावकऱ्यांनी नोंदणीकृत संस्था काढून चालवलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे आणि उघडे राहण्याचे तास पाहून अ, ब, क आणि ड असे वर्ग ठरले. ‘गाव तेथे ग्रंथालय’ हे धोरण पुढे आले आणि आज राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. सरकारने मालकी न घेता गावाच्या हातात संस्था ठेवायची आणि खर्चाला हातभार लावायचा, ही महाराष्ट्राची पद्धत. तिच्यामुळेच हजारो खेड्यांत वाचनालयाची पाटी लागली.

या पद्धतीची उणीवही तिच्यातच आहे. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, त्यामुळे तिथे ग्रंथालयांसाठी ठरलेला पैसा गोळा होतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. सगळी मदार दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर. २०१२ साली ग्रंथालयांची पडताळणी झाली, त्यानंतर तर नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि जुन्यांची दर्जावाढ दीर्घकाळ थांबली. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली. जिल्हा ‘अ’ वर्गाचे वार्षिक अनुदान ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजार झाले आणि ‘ड’ वर्गाचे ३० हजारांवरून ४८ हजार.

खेड्यातली बहुसंख्य लहान वाचनालये खालच्या वर्गांत मोडतात. २०२२ च्या त्या ४८ हजारांना बाराने भागले की महिन्याला चार हजार रुपये येतात. त्यात ग्रंथपालाचे मानधन, नवी पुस्तके, वृत्तपत्रे, नियतकालिके, वीजबिल आणि झाडलोट हे सगळे बसवायचे. सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडणारा, दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक लिहिणारा, देवघेव सांभाळणारा माणूस या पैशात कसे घर चालवत असेल, याचा विचार वाचकाने एकदा करून पाहावा. राज्यातली ग्रंथालये टिकली आहेत ती अशा अल्प मानधनावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या सेवकांमुळे. त्यांच्या वेतनश्रेणीची मागणी अनेक दशकांची आहे आणि ती न्याय्य आहे.

समता: बसायला एक खुर्ची

समता हा शब्द मोठा वाटतो, पण वाचनालयात तो अगदी साध्या वस्तूंत दिसतो. एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर पंखा, रात्री दिवा आणि शांतता. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर अभ्यासाला ही पाच साधने मिळत नाहीत. पोलीस भरती, तलाठी भरती किंवा राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारी मराठवाड्यातली मुले पुण्याला जातात. तिथे खोलीचे भाडे, मेसचा डबा, शिकवणीचे शुल्क आणि खाजगी अभ्यासिकेतल्या एका जागेचेही महिन्याचे पैसे. शेतकरी बाप हा खर्च कर्ज काढून करतो. गावात किंवा तालुक्याला चांगली अभ्यासिका असलेले वाचनालय असेल, तर तयारीची पहिली दोन वर्षे घरचे जेवून काढता येतात. मुलींच्या बाबतीत हा फरक अधिक मोठा आहे. ज्या घरातून मुलीला पुण्याला पाठवले जात नाही, त्या घरातून तिला दहा मिनिटांच्या अंतरावरच्या वाचनालयात पाठवले जाऊ शकते, फक्त तिथे तिला सुरक्षित वाटले पाहिजे, स्वच्छतागृह असले पाहिजे आणि कट्ट्यावर टवाळकी नसली पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या खुर्चीचे मोल पुरते माहीत होते. मुंबईत दादरला त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नव्हती तेव्हा १९५० साली त्यांनी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय काढले. त्या परिसरात शिकलेल्या मुलांनी पुढे दलित साहित्याची आणि परिवर्तनाच्या चळवळीची धुरा उचलली. आज अनेक वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत संध्याकाळी अभ्यासिका भरतात, त्यामागे हाच वारसा आहे. राज्य शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाला जो पुरस्कार देते तो डॉ. आंबेडकरांच्या नावाचा, आणि ग्रंथालय सेवकांचा पुरस्कार डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावाचा आहे.

भाषेचा प्रश्नही समतेचाच. जालना शहरात मराठीबरोबर उर्दू आणि हिंदी वाचणारी हजारो घरे आहेत. पोलाद कारखान्यांत उत्तर भारतातून आलेले कामगार आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात २०२१ साली रीड अँड लीड फाउंडेशनने मोहल्ला वाचनालये सुरू केली. एका शाळकरी मुलीने आपली पुस्तके गल्लीतल्या मुलांना वाचायला देण्यातून हा उपक्रम उभा राहिला आणि वस्तीवस्तीत पसरला. करोनाने शाळा बंद असताना मुलांच्या हाती त्यांच्या भाषेतली पुस्तके पडली. घराजवळ आणि आपल्या भाषेत पुस्तक मिळाले की वाचक तयार होतो, हे या गल्ल्यांनी दाखवून दिले.

युनेस्कोने १९४९ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला आणि १९९४ व २०२२ साली तो नव्याने मांडला. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी ही त्यातली भूमिका आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अनामत आणि मासिक वर्गणी घेतली जाते. रक्कम लहान असते, पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात मुलाच्या पुस्तकासाठी ती बाजूला काढणे सोपे नसते. कर्नाटकात ५,६०० हून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये आहेत आणि तिथे मुलांना मोफत सभासदत्व देण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्राने निदान अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी एवढे तरी करायला हरकत नाही.

उद्योग: माहितीचे भांडवल

वाचनालय आणि उद्योग यांचे नाते सांगताना अँड्र्यू कार्नेगी यांची हकीकत आठवते. स्कॉटलंडहून अमेरिकेला आलेल्या विणकराचा हा मुलगा तारघरात निरोप पोचवण्याचे काम करी. कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या गृहस्थांनी आपले खाजगी ग्रंथालय कामगार मुलांसाठी शनिवारी खुले केले होते. पुढे ते फक्त शिकाऊ कारागिरांसाठी मोफत आणि इतरांना वर्षाला दोन डॉलर, असा नियम झाला. तारघरातल्या पोराजवळ दोन डॉलर नव्हते. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून हा नियम अन्यायाचा आहे असे मांडले आणि ग्रंथालयाने नियम बदलला. तोच मुलगा पुढे पोलादसम्राट झाला आणि त्याच्या देणगीतून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. पोलादाच्या शहराला, म्हणजे जालन्यालाही, ही गोष्ट जवळची वाटावी.

अलीकडे ब्रिटिश लायब्ररीने २००६ साली लंडनमध्ये उद्योग आणि बौद्धिक संपदेचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. छोटा धंदा काढू पाहणारा माणूस तिथे बाजारपेठेचे अहवाल पाहतो, आपल्या मालाचे नाव आधी कोणी नोंदवले आहे का ते तपासतो, जाणकाराशी बोलतो. पुढे अशी केंद्रे इंग्लंडमधल्या इतर शहरांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांतही आली.

जालना जिल्ह्यातल्या वाचनालयाने लंडनची नक्कल करायची गरज नाही, कारण इथले प्रश्न इथल्या मातीतले आहेत. मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण एखाद्या बागायतदाराला ते चिन्ह आपल्या पेटीवर छापायचे असेल तर त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती कशी करायची, अर्ज कुठे मिळतो, कागद कोणते लागतात? बचत गटाच्या बायकांना मोसंबीचे सरबत किंवा ज्वारीचे पापड बाजारात आणायचे असतील तर अन्न परवाना लागतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदान आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी तर पूर्णपणे मोफत आहे. तरीही दलाल तिचे पैसे घेतात, कारण ती मोफत आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. गरिबाला अज्ञानाची किंमत अशी रोखीत मोजावी लागते.

वाचनालयात एक संगणक, इंटरनेट आणि अर्ज समजावून सांगणारा ग्रंथपाल असेल, तर ही लूट थांबते. छापील साधनेही हाताशी आहेत. छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ‘उद्योजक’ हे मासिक काढते. कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक आहे. २००५ पासून ‘अॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले दैनिक निघते. एका शेतकऱ्याला ही सगळी नियतकालिके घरी घेणे परवडत नाही. वाचनालयाच्या टेबलावर तीच चाळीस जणांच्या कामी येतात. रेशीम कोषांचा दर, तुती लागवडीची पद्धत, मोसंबीच्या आंबे बहाराचे पाणी व्यवस्थापन, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी हे विषय इथल्या माणसांच्या पोटाचे आहेत. कपाटात कादंबऱ्यांशेजारी या विषयांची एक स्वतंत्र फळी असली, तर वाचनालयात न फिरकणारा बागायतदारही आत येईल.

गावाचे शिकणे

माणसे एकटी वाचतात, पण शिकतात बहुधा मिळून. जालन्याजवळच्या खरपुडीत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने तिथे दर महिन्याला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरण्याचा प्रघात पडला. एखादा शास्त्रज्ञ बोलतो, मग शेतकरी आपले अनुभव सांगतात आणि प्रश्न विचारतात. याच केंद्राच्या साथीने कडवंची गावाने १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे केली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले, पुढे शेकडो शेततळी घेतली आणि कोरडवाहू गाव द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. पाऊस वाढला नाही. पाण्याविषयीची समज वाढली. ती समज बैठका, शिवारफेऱ्या आणि नोंदी यांतून आली. असे एक चर्चासत्र महिन्यातून एकदा प्रत्येक मोठ्या गावच्या वाचनालयात भरू शकते. त्यासाठी सतरंजी, फळा आणि एक वक्ता पुरतो.

पुस्तके वाचकाकडे नेण्याचे प्रयोगही मराठीत जुने आहेत. ग्रंथालीने १९७० च्या दशकात वाचक चळवळ उभी केली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांच्या पेट्या सोसायट्यांत, कारखान्यांत, कारागृहांत गेल्या आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचल्या. सयाजीरावांची पेटी शंभर वर्षांनी पुन्हा प्रवासाला निघाली म्हणायची. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीबरोबर अशी एक पेटी गेली, तर कोपीवर राहणाऱ्या मुलांचे सहा महिने अक्षरावाचून जाणार नाहीत. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतल्या वाचनालयांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे.

गावाच्या शिकण्यात गावाची आठवणही येते. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलन झाले आणि त्यानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या दप्तरांचे गठ्ठे सोडले गेले तेव्हा ध्यानात आले की त्यातला बराच मजकूर मोडी आणि उर्दूत आहे आणि तो वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, जुना कागद जपणे आणि तो वाचता येणे याचा हक्कांशी केवढा संबंध असतो, हे त्या महिन्यांत सगळ्या राज्याला कळले. याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या संप्रदायाची हस्तलिखित बाडे आज अभ्यासकांना मिळतात, ती शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून गोळा केली आणि धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपली म्हणून. जालन्यातल्या वाचनालयांनी मोडीचे वर्ग घेतले, गावातल्या जुन्या वाड्यांतली कागदपत्रे, मुक्तिसंग्रामातल्या माणसांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्यांच्या वह्या नोंदवून ठेवल्या, तर पुढच्या पिढीला शोधाशोध करावी लागणार नाही.

ग्रामसभेचा विषय

हे सगळे कोणी करायचे? राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जी अकरावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत आणि त्यात विसावा विषय ग्रंथालये हा आहे. म्हणजे गावचे वाचनालय हा पंचायतीचाही विषय आहे. तरी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गटार, पथदिवे आणि घरकुले असतात; वाचनालय क्वचितच येते. शासनाने उपकराचा विचार करावा, ग्रंथपालांना जगण्याजोगे वेतन द्यावे, मुलांची वर्गणी माफ करावी, या मागण्या मुंबईपर्यंत पोचवायच्याच आहेत. पण वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे राहावे, बायकांसाठी आठवड्यातले दोन तास राखून ठेवावेत का, स्वच्छतागृह कधी बांधायचे, कोणती नियतकालिके मागवायची, हे निर्णय गावाच्या हातातले आहेत.

जालना जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेरच्याही वाचकांना एक विनंती आहे. या आठवड्यात आपल्या गावच्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयात जावे. ग्रंथपालांना भेटावे, दाखल नोंदवही पाहावी, शेवटचे नवे पुस्तक कोणत्या तारखेला आले ते विचारावे. आपली वर्गणी भरावी आणि परिस्थितीने अडलेल्या एका मुलाची किंवा मुलीचीही भरावी. आणि येत्या ग्रामसभेपूर्वी ‘वाचनालय’ हा विषय विषयपत्रिकेवर घेण्याचा लेखी अर्ज पाच गावकऱ्यांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत देऊन त्याची पोच घ्यावी.